सातव्या खणाचं बूच

माहुलच्या हरेश्वर कोळ्याच्या मी मुस्कटात मारली होती. चारचौघांत, गोदीच्या फाटकावर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला सावरून घेईन. तशी खोडच आहे मला.

आमची गोदी खाडीच्या तोंडाशी होती. नाव सांगून काय उपयोग, आता तिथे भिंतसुद्धा उभी नाही. दोनशे माणसं, पडाव नि बार्ज दुरुस्त करून पोट भरणारी. मी भाऊराव, घाटकोपरचा, फिटर. हरेश्वर माझ्या जोडीला. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणारं, पण खाडीतली मासळी आटली तेव्हा नवी होडी बांधून घेणार कोण? चाळिशीत बिचारा हातात पाना धरायला शिकला. नकाशा त्याला वाचता येत नसे. पण पोलादी पत्र्यावर नुसता तळवा फिरवून सांगायचा, इथे पोट आलंय. मोजून बघावं तर खरंच आलेलं असायचं.

एकोणसत्तर साली आम्हाला नौदलाचं गस्तीचं जहाज बांधायला मिळालं. छोटंसंच, पण नौदलाचं! नीट झालं तर तसलीच आणखी तीन मिळणार, नाहीतर ती तयार विलायतेतून आणणार, असं वर ठरलेलं. स्टोअरमधला धाकू म्हणायचा, आणा की बाहेरून, लवकर येतील नि बुडणार तरी नाहीत. त्याच्याशी मी रोज भांडायचो. आमच्यावर नजर ठेवायला एक गोरा सल्लागार बसवला होता. तो बोलायचा कमी, वहीत लिहायचा फार. त्याची वही उघडली की मॅनेजर चंद्रप्रकाशसाहेबांना घाम फुटायचा.

हरेश्वरच्या घरात एक रीत होती. नवी होडी पाण्यात ढकलताना एक खुंटी अर्धीच ठोकायची. होडी पाण्याला लागली की घरच्या बाईने कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती पुरी ठोकायची. माणसाने सगळं आपणच पुरं केलं असं दर्याला दिसू नये, म्हणून. आम्ही त्याची काय चेष्टा करायचो! जहाज पाण्यात जायचा दिवस जवळ आला तसं मी रोज त्याच्या बायकोवरून विचारायचो, पार्वतीवहिनींना हातोडी घेऊन कधी बोलवायचं रे? तो नुसता हसायचा.

जहाजाच्या तळाला बारा खण. प्रत्येक खणात साचलेलं पाणी सोडायला एक भोक आणि त्याला आतून पिळून बसवायचं पितळी बूच. एक ते सहा हरेश्वरने बसवली, सात ते बारा मी. नारळ फुटला, जहाज घसरत पाण्यात गेलं, लोकांनी टोप्या उडवल्या. पाव तासात ते एका अंगाला कलायला लागलं. आत पाणी शिरलंय, अशी बोंब उठली. मी काठावरून नुसता ओरडत राहिलो. हरेश्वर मात्र कोणाला न विचारता आत घुसला. अर्ध्या तासाने वर आला तो नखशिखांत भिजलेला. थांबलं, एवढंच म्हणाला.

दुपारी ऑफिसात सगळ्यांना उभं केलं. गोऱ्याने वही उघडली आणि विचारलं, काम कच्चं कुणाचं? चंद्रप्रकाशसाहेब पांढरेफटक पडले होते. तेवढ्यात हरेश्वर पुढे झाला.

"एक बूच मी मुद्दाम अर्धं सोडलं होतं. आमची रीत आहे."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. गोरा त्याच्याकडे बघतच राहिला, मग मान हलवून हसला आणि वही मिटली. हरेश्वरला तिथल्या तिथे काढून टाकलं. कुठलं बूच, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, नि मीही विचारलं नाही. माणसाने कबूल केल्यावर विचारायचं काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकावर गाठून मी त्याच्या थोबाडीत दिली. सल्लागाराची गाडी तेव्हाच बाहेर पडत होती, पण मला कसली शुद्ध! दोनशे घरांची वाट लावलीस, मी ओरडलो, देशाची लाज काढलीस, जंगली कुठला. हरेश्वरने गालाला हातसुद्धा लावला नाही. डबा उचलून चालू लागला.

पुढे रिपोर्ट आला. काम चोख, चूक एका अडाणी कामगाराच्या अंधश्रद्धेची. तीन जहाजं आम्हाला मिळाली. आम्ही पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

दीड वर्षाने ते पहिलं जहाज तळ घासायला आमच्याकडेच आलं. कोरड्यावर ओढून घेतलं आणि पाणी सोडायला मी बुचं काढायला बसलो. सातवं हलेना. पान्याला पाइप लावून सगळा जोर लावला तेव्हा कुठे निघालं. आटे एका बाजूने कापले गेलेले. बसवतानाच आडवं बसवलेलं होतं, आणि त्या आट्यांवर लाल चौकड्यांच्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. असला रुमाल गोदीत एकच माणूस डोक्याला बांधायचा.

सातवं. सात तर माझं! मी तिथेच, ओल्या चिखलात, बसकण मारली. मायला, भाऊराव, हे तुझं काम?

बूच खिशात घालून तडक माहुल गाठलं. हरेश्वर कोणाच्या तरी जुन्या होडीच्या फटीत कापूस भरत बसला होता. मी बूच त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बघितलं, हातातलं काम पुरं केलं.

"त्या दिवशी बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर गोरा लिहिता, यांच्या फिटरला बूच बसवता येत नाही. मग पुढची जहाजं कोण देतो? माझ्यावर काय, अडाणी कोळी म्हणून सुटलं."

मी म्हणालो, आत्ता जाऊन साहेबांना खरं सांगतो. त्याने माझं मनगट धरलं. तीन जहाजं अजून बांधायची आहेत, म्हणाला, एक शब्द काढू नकोस.

मग मला रडूच कोसळलं. "अरे, मी तुला सगळ्यांदेखत मारलं रे."

"मारलंस ते बरं केलंस," हरेश्वर म्हणाला. "गाडीतून बघत होता तो गोरा. तुझ्या मारण्यानेच त्याला माझं बोलणं खरं वाटलं."