ट्रेसरबाईंचा चौथा पेनड्राइव्ह

"तुला कसं सोयीचं पडेल?" असं ट्रेसरबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं, तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. विचारणारी त्यांच्या बहिणीची मुलगी, आणि विषय काय, तर कॉम्प्युटर. बाई इतक्या गांगरल्या की म्हणाल्या, "तुम्ही लोक वापरता तसाच दे." भाची म्हणाली, "आमच्या कॉलेजात चौघं चार तऱ्हेचे वापरतो, मावशी. तूच सांग."

आता यात एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. ज्यांना सगळं जग आपल्या मापाचं शिवून मिळतं, त्यांना असंच वाटतं.

बाई जन्मानं डावऱ्या. पहिलीच्या वर्गात शिक्षिकेनं त्यांचा डावा हात त्यांच्याच वेणीच्या रिबिनीनं बाकाला बांधला. घरी आईनं ताटाशी, पाटीशी, दाराच्या कडीशी, जिथे म्हणून तो हात पुढे आला तिथे चापट ओढली. आईलाही काही हौस नव्हती. पोरीचं पुढे कसं होणार, या धास्तीनं ती मारायची. वर्षभरात हात वळला आणि सगळे म्हणाले, चला, पोरगी सुधारली.

त्या सुधारलेल्या हातानं बाईंनी पुढे मोजणी कचेरीत तेहेतीस वर्षं नकाशे गिरवले. जुना, फाटायला आलेला नकाशा खाली, वर पारदर्शक कागद, आणि खालची रेघ शाईनं वर जशीच्या तशी उतरवायची. याला ट्रेसिंग म्हणतात, म्हणून त्या ट्रेसरबाई. रेघ केसाएवढी आणि कुठे थरथर नाही. साहेब लोक बाहेरच्यांना बोलावून दाखवायचे. तो हात मूळचा त्यांचा नव्हेच, हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं, आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही.

घरात राज्य हेडमास्तरांचं. हेडमास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण दूधवाल्यापासून लेकीपर्यंत सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. माणूस वाईट नाही हो. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्याचंच तर अवघड आहे. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. हेडमास्तर काही बोलत नाहीत, फक्त सरळ करतात. कपाटातल्या कपांचे कान उजवीकडे वळवून ठेवतात. बाईंनी कात्री डावीकडे टांगली की संध्याकाळपर्यंत ती उजवीकडच्या खिळ्यावर गेलेली असते. बाई दुसऱ्या दिवशी परत डावीकडे टांगतात. छत्तीस वर्षं त्या कात्रीची अशी ये-जा चालू आहे.

निवृत्तीनंतर बाईंना घरबसल्या काम मिळालं. कचेरीतले एक जुने मोजणीदार आता खासगीत मोजण्या करत. ते जीर्ण नकाशांचे फोटो पाठवायचे आणि बाई ते कॉम्प्युटरवर नव्यानं रेखायच्या. कॉम्प्युटर हेडमास्तरांचा जुना. त्यांनी स्वतःला लॅपटॉप घेतला तेव्हा हा कोपऱ्यातल्या टेबलावर बाईंच्या वाट्याला आला, सोबत घरातला एकुलता एक प्रिंटरही. माउस अर्थातच उजवीकडे. दोन वर्षं बरी गेली. मग उजवा खांदा धरला, असा धरला की केस विंचरताना डोळ्यांत पाणी यायचं. व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, चार महिने या हातानं माउस धरायचा नाही. नाहीतर खांदा कायमचा गेला समजा.

"मग काम कसं करायचं?" बाईंनी विचारलं.

"डावा हात आहे की," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

म्हणजे बघा, पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या हाताला बांधून घातलं, त्याला आता कागदावर लिहून परवानगी मिळाली. हेडमास्तरांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही." औषध म्हणून चार महिने डावा हात चालेल, असं ठरलं.

त्याच सुमारास कॉम्प्युटरनंही मान टाकली. जुनी प्रणाली बंद पडली आणि नवी त्याला झेपेना. म्हणून भाची आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं बाईंना समजावलं की लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकू, ती या जुन्या मशीनवरही मजेत चालेल. शिवाय त्यात पडद्यावरची मांडणी एकच एक नसते, डेस्कटॉप तऱ्हेतऱ्हेचे असतात आणि आपल्या हाताला मानवेल तो घ्यायचा. तिनं चार पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले. प्रत्येकावर आकडा लिहिलेला. "नुसता खुपसून मशीन चालू करायचं. आठवडाभर आलटून पालटून वापर, जुन्या नकाशांवर हात फिरव. पुढच्या रविवारी येते आणि आवडेल तो कायमचा टाकून देते."

बाईंनी ही निवड मुलीला स्थळ बघावं इतक्या गंभीरपणे घेतली. पहिला पेनड्राइव्ह उघडला तर पडदा मोकळा, वर एक पट्टी आणि बाकी काहीच नाही. हवं ते कोपऱ्यात गेल्याशिवाय समोर यायचं नाही. देखणा होता, पण बाईंना परक्याच्या दिवाणखान्यात अंग चोरून बसल्यासारखं झालं. दुसऱ्यात इतक्या सोयी होत्या की एक बदलायला जावं तर दहा खिडक्या उघडायच्या. तिसरा अगदी जुन्यासारखा. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीचं. हेडमास्तर मागून डोकावले. "हाच घे. हा कुणालाही जमेल."

बाई "बघते" म्हणाल्या आणि चौथा लावला.

चौथा दिसायला साधा, काहीसा गबाळाच. त्याचं नाव होतं एक्सएफसीई, ते उच्चारताना बाईंची जीभ अडखळायची. पण खालची पट्टी डाव्या हातानं धरून ओढली तर ती चक्क निघाली. बाईंनी ती उजव्या कडेला उभी लावली. मेनू उजव्या कोपऱ्यात नेला, खिडकी बंद करायची फुली डावीकडे आणली, माउसच्या कळांची अदलाबदल केली. चाचपडत, चुकत, पण पाऊण तासात झालं. का असंच हवं, हे त्यांना शब्दात सांगता आलं नसतं. हाताला मात्र ते माहीत होतं. मग त्यांनी एका ओढ्याची रेघ काढली, वळणावळणाची. ती काढताना त्यांनी श्वास रोखून धरला नव्हता. तेहेतीस वर्षांत प्रत्येक रेघेला त्या श्वास रोखत आल्या होत्या, आणि हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी भाची आली. "मग? कुठला?"

"चौथा," बाई म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखा आहे बघ. रोज सकाळी लावून घ्यायलाही आता वेळ लागत नाही, पाच मिनिटांत होतं."

"काय लावून घ्यायला?"

"हेच ग. पट्टी इकडे, मेनू तिकडे, कळा उलट्या. रात्रीतून सगळं परत पहिल्यासारखं होतं ना. मग सकाळी मी पुन्हा लावते."

भाची आधी मनापासून हसली. मग तिनं सांगितलं की पेनड्राइव्हवरून चालवलं की ती नुसती चाचणी असते. मशीन बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जातं, काही लक्षात राहत नाही. "पण मावशी, पाच दिवस तू रोज हे करत बसलीस? मला फोन नाही करायचा? काहीतरी बिघडलंय असं वाटलं नाही तुला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, असंच असतं."

भाचीचं हसू तिथेच विरलं. तिची नजर खिळ्यावरच्या कात्रीकडे गेली. लहानपणापासून ती या घरात येत होती. तिनं चौथा डेस्कटॉप कायमचा बसवला आणि माउसचा बाणही उलट्या तोंडाचा शोधून लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मशीन चालू केलं. पट्टी उजवीकडेच होती. मेनू, फुली, बाण, रात्री ठेवलं तिथेच सगळं. बाई बराच वेळ काम न करता नुसत्या बसून राहिल्या. त्यांना फार आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगावा तर काय म्हणून सांगावा, हेच कळत नव्हतं.

ते चार महिने बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे मी म्हणत नाही, त्यांनीच नंतर भाचीला सांगितलं. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. नद्या, पायवाटा, बांध झरझर उतरू लागले. मोजणीदारांनी तर फोन करून विचारलं, "हल्ली काम कुणाकडून करून घेता, बाई? रेघ वेगळीच दिसतेय. पण झकास आहे हां, मोकळी आहे." बाईंनी "मीच करते" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिवसभर गुणगुणत राहिल्या.

मग खांदा बरा झाला.

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून, मागे नेऊन पाहिला आणि आता काहीही करा म्हणाल्या. जेवताना हेडमास्तर म्हणाले, "चला. म्हणजे आता ते उलटं प्रकरण सरळ करायला हरकत नाही. परवा सोसायटीची नोटीस छापायला बसलो तर अर्धा तास नुसता बाण शोधत होतो. माणसाला वेड लागेल."

बाईंनी घास खाली ठेवला. "मला तसंच सोयीचं आहे."

"सोयीचं काय असतं? सवय असते सगळी."

"असू दे. ते एक तेवढं राहू दे माझं."

इतकं स्पष्ट त्या छत्तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. हेडमास्तरांनी पाणी प्यायलं, जरा विचार केला आणि "बरं" म्हणाले. बाईंचा त्या "बरं"वर विश्वास बसला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही बसला, याला भाबडेपणा म्हणायचं की आशा, तुम्हीच ठरवा.

पुढच्याच आठवड्यात लेक घर बदलत होती, म्हणून बाई पंधरा दिवस तिच्याकडे गेल्या. परत आल्या त्या दुपारी हेडमास्तरांनी स्वतः दार उघडलं, हातातली पिशवी घेतली, चहाही करून ठेवला होता. चेहऱ्यावर वार्षिक तपासणी उत्तम झाल्याचं समाधान.

"ये, बघ," ते म्हणाले.

त्यांनी माणूस बोलावून मशीनवर तिसरा डेस्कटॉप टाकून घेतला होता. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, बाण सरळ, माउस उजवीकडे. "तुझे नकाशे आधी सगळे उतरवून घेतले, तारीखवार लावून ठेवलेत. एक रेघसुद्धा गेलेली नाही. आता तुलाही बरं, मलाही बरं. खांदा चांगला झालाय, मग उगाच पांगळ्यासारखं कशाला राहायचं?" त्यांच्या आवाजात नुसती माया होती. बाईंनी चहा प्यायला, कप विसळून ठेवला, आणि हेडमास्तर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसल्यावर भाचीला फोन लावला.

भाची जाम भडकली. काकांना ती काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. मग शांत होऊन म्हणाली, "हे बघ, रडू नकोस. चौथा पेनड्राइव्ह तुझ्याकडेच आहे ना? अर्ध्या तासाचं काम आहे. मी एकेक सांगत जाते, तू दाबत जा. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेव. ठेवलास? आता आधी मेनू उघडून..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मेनू उघडला होता.

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात माउसवर होता. त्यांनी तो नेला नव्हता, तो आपणहून गेला होता, आणि एका झटक्यात बरोबर कोपऱ्यात पोचला होता. खांदा दुखत नव्हता, कुठे अडखळणं नाही, काही नाही. डावा हात मांडीवर घडी करून ठेवल्यासारखा पडला होता. हेडमास्तरांचा त्यांना राग आला होता, पण या हाताचा जेवढा आला तेवढा नव्हता.

"उघडला का मेनू?" भाचीनं विचारलं.

"उघडला."

"मग आता मी सांगते तिथे जा."

"राहू दे ग," बाई म्हणाल्या.

"राहू दे काय? तू नाही बदललास तर मी उद्या येऊन बदलते. काका सारखे सारखे माणूस बोलावणार आहेत का?"

"त्यांना माणूस बोलवायची गरजच नाही आता," बाई म्हणाल्या. "माझा हातच करतो सगळं सरळ."

भाची फोनवर नुसती "मावशी, मावशी" करत राहिली. बाईंनी तिला उद्या बोलू म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला. मोजणीदारांचे तीन नकाशे आले होते, त्यातला वरचा त्यांनी उघडला. ओढ्याच्या काठाशी बाण नेला, श्वास रोखला आणि रेघ ओढायला घेतली.

"जमतंय ना?" बाहेरून हेडमास्तरांनी विचारलं.

रेघ पुरी होईपर्यंत बाई बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जमतंय."