पत्र्याखालची सभा

माझी धाकटी बहीण शिवणखान्यात काज पाडायच्या मशीनवर बसते. काजापलीकडे तिला काही कळत नाही, असं मी चारचौघांत म्हणते. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळते. तिथेच मी शिलाई तपासते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या भागातल्या पुढारी साहेबांच्या पक्षाचं काम करते. सतरंज्या घातल्या, घोषणा देऊन घसा बसवला. यंदा वॉर्डाचं तिकीट मलाच मिळणार, हे मी धरूनच चालले होते.

धाकटीचं यंदा पहिलंच मतदान. उन्हाळ्यात शेजारच्या मशीनवरची पोरगी चक्कर येऊन पडली, तेव्हापासून हिनं हवामानाचा ध्यास घेतला. शिवणखान्यातल्या पोरींना गोळा केलं आणि सगळ्या पक्षांना निरोप धाडला: आमची मतं हवी असतील तर या वाढत्या उन्हाचं काय करणार ते सांगा, पण भर दुपारी, आमच्या पत्र्याखाली बसून. बाकीच्या पुढाऱ्यांना नेमकी दुपारीच कामं निघाली. आमचे साहेब तयार झाले, ते माझ्या शब्दाखातर. मग त्यांना त्रास नको म्हणून मी पक्षाच्या कचेरीतले कूलर आणून त्यांच्या खुर्चीभोवती लावले.

साहेब गारव्यात बसून झाडांवर, पृथ्वीवर, पुढच्या पिढीवर छान बोलले. टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या. धाकटी उठली, तिनं एकेक करून सगळे कूलर बंद केले आणि शांतपणे विचारलं, "आता सांगा, इथे काय करणार?"

साहेबांनी रुमाल काढला. शर्ट पाठीला चिकटला, बोलणं अडखळायला लागलं. "बघू, करू" म्हणत ते उठलेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण साहेब पक्के मुरलेले. दारात थांबून धाकटीला म्हणाले, "पोरी तुझं ऐकतात. वॉर्डाचं तिकीट तुलाच देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि ही बया म्हणते कशी, "मला तिकीट नको, उत्तर हवंय. तिकीट ताईला द्या, तिला हवंय."

साहेब हसले. "ताईंना कशाला? त्या आपल्याच आहेत. जातात कुठे?"

सवयीनं मीही हसले. गाडीत बसेपर्यंत साहेब वळून वळून तिच्याकडेच बघत होते. तिनं अजून एकदाही मत दिलेलं नाही, तरी तिची एवढी धास्ती. मी इतकी वर्षं देत आले, तर मला कुणी विचारतही नाही. जळू नको तर काय करू?