नवऱ्या मुलाचं घर पाहायला थेट जहाजावर

"मूर्तिजापूरचं घर पाह्यलं, चांगलं हाय. पन पोरगा तिथी रायतेच किती? वर्षातले सात-आठ महिने ज्या घरात रायते, ते घर कोन पाहीन?"

बाबांच्या या एका सवालामुळे आमची वरात समुद्राकडे निघाली. म्हणजे वरात अजून नाही, तिचाच तर प्रश्न होता! मूर्तिजापूरच्या वैभवचं स्थळ मला आलेलं. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. आधी फोटो आवडला, मग मुलगा आवडला, मग फोनवर बोलता बोलता इतका आवडला की अमरावतीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासताना मी एकटीच हसायला लागले. पण आमच्याकडे मुलाचं घर पाहिल्याशिवाय होकार जात नाही. आणि बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला.

वैभवला भीत भीत सांगितलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "मग या ना! पुढच्या आठवड्यात आमचं जहाज उरणजवळच्या बंदरात लागणार आहे."

तुमच्या घरचं कोणी जहाजावर असेल तर ऐका, असं जाता येतं. कॅप्टनची परवानगी आणि बंदराचा पास लागतो. आधारची झेरॉक्स आठवडाभर आधी पाठवा. बंद बूट हवेतच, चप्पल चालत नाही. काडीपेटी आणि लायटर घरी ठेवा. फोटो काढायच्या आधी विचारा.

आई आली नाही, म्हशीला कोणाच्या भरवशावर सोडणार? निघताना एवढंच म्हणाली, "पानी पाहून या." हे कळायला आमचं गाव माहीत पाहिजे. भातकुलीकडचा आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारट. आई वरूडकडची, संत्र्यांच्या मुलखात गोड्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिची डाळ शिजेना. पुढे कितीतरी वर्षं गोड्या पाण्याच्या घागरी तिनं डोक्यावर वाहिल्या. आता कॅन विकत येतात, पण आईची मान अजून दुखते.

बडनेऱ्याहून संध्याकाळची मुंबई गाडी धरली. अकोल्याला आत्या चढली, बाबांची मोठी बहीण. स्थळ पाहण्यात तिचा हात धरणारं आख्ख्या वऱ्हाडात कोणी नाही. डब्यात पोळ्या, तिळाची चटणी आणि ठेच्याची बरणी. सकाळी कल्याणला उतरलो, नाश्ता केला, तिथून टॅक्सी. भाडं आधीच ठरवा, आत्यासारखं कोणी सोबत असेल तर तिलाच ठरवू द्या. टॅक्सीवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "बसा, मावशी."

आणि मग जहाज! फोटोत काही कळत नाही हो. धक्क्यावर उभं राहून वर पाहिलं तर मान मोडायची वेळ आली. आमची शाळा, पंचायत आणि देऊळ एकावर एक रचलं तरी हे उंचच भरेल. वर जायला बाजूला लटकवलेला लांब जिना, खाली जाळी, आणि जिना हलतोय. आत्यानं डोक्यावर पदर घेतला, पदरावर बंदरातलं हेल्मेट घातलं आणि साडीखाली माझे जुने बूट चढवून पहिली पायरी चढली.

"माय वो! हे तं हालून रायलं!"

वर नारिंगी डगल्यात वैभव उभा होता. "आत्या, हलू द्या! खाली पाहू नका, माझ्याकडे पाहा!"

"तुह्याकडेच पाह्याले आलो, बाप्पा!"

वरचे खलाशी हसून हसून बेजार. मी कशी चढले ते मला आठवतच नाही. पायऱ्यांकडे मी पाहिलंच नाही, वर पाहत होते.

जहाजावर माणसाला नावानं हाक मारत नाहीत. वैभव चौथा इंजिनिअर, म्हणून तो 'चार साब'. जो तो "चार साब, मेहमान आ गए?" विचारून जाई. आत्या माझ्या कानात म्हणाली, "पोरी, मंग तू चार साबीन!" मी लाजून लाल.

त्याची खोली लहान, पण नीटनेटकी. आत्याला मात्र खुर्ची जमिनीला साखळीनं बांधलेली दिसली. "खुर्ची कावून बांधली? चोर येतात का?" वैभव म्हणाला, "लाटा आल्या की पळते, आत्या. एकदा मला घेऊनच पळाली." पुढे आत्यानं न विचारता कपाट उघडलं, घर पाहायला आलं की उघडायचंच असतं, आणि दाराच्या आतून मीच सगळ्यांकडे पाहत होते. माझा फोटो! वैभवचे कान असे तापले की विचारू नका. बाबा खिडकीबाहेर पाहायला लागले.

मग बाबा थेट स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकी रत्नागिरीचे गृहस्थ. त्यांना बाबांनी नमस्कार करून पहिला प्रश्न टाकला, "डाय किती शिट्ट्यांत शिजते?"

"तीन. का हो?"

"तीन!" बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. तीन शिट्ट्यांत आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ मऊसुद्धा पडत नाही.

"पानी कुठून आनता?" बाबांनी विचारलं.

"समुद्रातून," वैभव म्हणाला. "इंजिनच्या उष्णतेवर खारं पाणी उकळतो, वाफ थंड केली की गोडं पाणी. ते यंत्र चालवायचं काम माझ्याकडेच आहे, काका. बंदरात बंद असते, हे वाटेत बनवलेलं." त्यानं ग्लास भरून दिला.

बाबांनी घोट घेतला. थांबले. अजून एक घोट. 

"याले तं चवच नाही."

वैभवचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं! तेवढ्यात बाबांनी रिकामा ग्लास पुढे केला. "अजून दे. खारं पिऊन पिऊन जीभ बिघडली आमची." तीन ग्लास प्यायले. पण होकार? नाव नाही! "घरी जाऊन सांगतो," एवढंच.

जेवण खलाशांबरोबर झालं. डाळ-भात, माशाचं कालवण, आणि आमचा ठेचा फिरला तसा सगळ्यांच्या डोळ्यांत समुद्र आला. निघताना बाबांनी वैभवकडून पाण्याची एक बाटली भरून घेतली आणि गाडीत ती उशाशी घेऊन झोपले. मी रात्रभर जागी, आत्या घोरत होती.

आता घरी बसून लिहिते आहे तर काय काय आठवतं. तो हलता जिना, ती बांधलेली खुर्ची, डिझेलचा आणि फोडणीचा एकत्र वास. वैभव जगभर फिरतो असं मी मैत्रिणींना सांगायचे. तो बहुतेक वेळ इंजिनाच्या घरघरीत घामानं भिजलेला असतो हे तिथे जाऊन कळलं. आणि तरी तो मला आधीपेक्षा जास्त आवडला.

त्या सकाळी घरी पोहोचताच बाबांनी बाटली आईसमोर ठेवली. "घे. समुद्राचं हाय. पोरगा बनवते."

आईनं एक ग्लास भरला आणि हळूहळू सगळा प्यायली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माह्या बाबानं असं पानी पाह्यलं असतं, तर मी या घरी आलीच नसती."

मी दारातच उभी.

बाबा खाली पाहत म्हणाले, "म्हनून तं मी पाहून आलो."

आईनं बाटली उचलली. मग उरलेलं पाणी तिनं चहाच्या भांड्यात ओतलं, गॅस पेटवला आणि मला म्हणाली, "उभी काय रायली? मूर्तिजापूरले फोन लाव."