आठ गाड्यांचा निर्देशांक

लातूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. घरात या गोष्टीला काडीची किंमत नाही. साधी मेथी आणायलासुद्धा मला एकट्याला पाठवत नाहीत. म्हणून बायकोचा धाकटा भाऊ चाकूरची नोकरी सोडून आला आणि "दाजी, क्लासच्या गल्लीत सुशीलाचा गाडा टाकावा म्हणतोय, चालंल का?" असं त्यानं मलाच विचारलं, तेव्हा मी एकदम ताठ बसलो.

सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली खमंग फोडणी. क्लासची पोरं सकाळी तीच खाऊन पळतात. मेव्हण्याच्या हाताला चव होती, पण गल्लीत आधीच आठ गाडे उभे होते. बायकोनं बजावलं, "नीट बघून सांगा. हे बुडालं तर त्याला कुणी पोरगी देणार नाही."

स्पर्धा मोजायचा एक निर्देशांक असतो. प्रत्येक विकणाऱ्याचा वाटा शेकड्यात काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. एकटाच विकणारा असेल तर आकडा येतो दहा हजार. वाटेकरी जितके जास्त, तितका तो खाली. गल्लीत चार सकाळी उभा राहून मी हिशेब मांडला. साडेबाराशेच्या आसपास! म्हणजे चुरशीची स्पर्धा, कुणाची दादागिरी नाही. आठही गाड्यांवर भाव मात्र एकच होता.

"स्पर्धेत असंच होतं," मी मेव्हण्याला समजावलं. "तू पाच रुपये कमी लाव. गिऱ्हाईक तुझंच."

पहिल्या दिवशी त्याच्यापुढं रांग लागली. दुसऱ्या दिवशी आठही गाडे त्याच्याही खाली उतरले, सगळे एकाच सकाळी. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगितलं, बघा, याला म्हणतात स्पर्धा. इकडं घरी भरलेलं पातेलं परत येऊ लागलं. आम्ही सुशीला सकाळी खाल्ली, रात्री खाल्ली, शेजाऱ्यांना दिली; शेजारी दार लावून घ्यायला लागले. बायको ताटात आणखी सुशीला वाढत होती. मला खरंच भीती वाटायला लागली. पोरगा नोकरी सोडून माझ्या आकड्याच्या भरवशावर उभा होता.

तेवढ्यात बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, नायगावला. आम्ही तिघं गेलो. मांडवात नवरदेवाच्या चुलत्यांना फेटे बांधायला ओळीनं बसवलं होतं. चेहरे ओळखीचे वाटले. जवळ जाऊन बघतो तर गल्लीतले आठही गाडेवाले!

"या सर, बसा," त्यातला थोरला म्हणाला. "हे सगळे सख्खे-चुलत. आमची भावकीच हाय."

"मग भाव कोण ठरवतं?"

"आमच्या थोरल्या काकी. गाडे येगळे, पर चूल एकच की आपली. फोडणीचं सामान बी तिथूनच येतंय."

मी मनात हिशेब पुन्हा मांडला. वर्ग करून मिळवलेले आठ आकडे म्हणजे एकच माणूस होता. सरळ दहा हजार! आणि त्याच्यापुढं मी मेव्हण्याला एकट्याला उभं केलं होतं.

मेव्हणा मात्र तिथं नव्हताच. न्याहारीचा आचारी आला नव्हता, म्हणून हा बाह्या सारून चुलाणापाशी बसला होता. सवयीनं सुशीलाच केली. काकींनी घास घेतला, चघळला आणि परत ताटली पुढं केली.

"ह्या पोराचं लगीन झालंय का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "न्हाई, काकी."

दिवाळीनंतर काकींच्या नातीशी त्याचं लग्न लागलं. आता गल्लीत त्याचा धरून नऊ गाडे आहेत. निर्देशांक आणखी उतरलाय, म्हणजे हिशेबानं स्पर्धा वाढली. लग्नाच्या पुढच्याच आठवड्यात नऊही गाड्यांवर भाव पहिल्यापेक्षा पाच रुपयांनी चढला.

परवा मेव्हण्याच्या गाड्यापाशी माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं मला गाठलं. "सर, विकणारे वाढले, तरी भाव कसा वाढला?"

मी खिशात हात घातला. शेजारच्या गाड्यावरून थोरला ओरडला, "राहू द्या सर! सोयऱ्याकडून कुठं पैसे घ्यायचे असत्यात व्हय?" आणि त्यानं माझ्या ताटलीत वरून भजी टाकली.

मुलगी उत्तराची वाट बघत होती. मी मोठा घास घेतला आणि तोंड भरलंय अशी खूण केली.