कोंबड्यांची पावडर आणि माझा चातुर्मास

चातुर्मासात आमच्या घरात लसूण येत नाही, आणि हा कायदा माझा आहे. मी तो गल्लीतही चालवतो! कुणाच्या फोडणीचा वास आला की मी दारात हजर. (लोक मला लय मान देतात. मी दिसलो की खिडक्या लावून घेतात.)

आमची सून सुनंदा पिंपळगावजवळच्या मळ्यात अंड्यांच्या कोंबड्या पाळते. गेल्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरांनी तिला खाद्यात घालायला सेलेनियमची पावडर दिली. ती पावडर ती काट्यावर मोजायची, आधी मूठभर भुशात कालवायची आणि मग तो भुसा सगळ्या खाद्यात मिसळायची. मला तो कंजूषपणा बघवेना.

"अगं, घाल की सढळ हातानं!"

"नाना, हे कणभरच लागतं. जास्त झालं की विष."

"औषध जास्त घेतलं की गुण जास्त!" मी ठणकावलं.

महिन्या-दोन महिन्यांत कोंबड्या तरतरीत झाल्या. इकडं माझे गुडघे कुरकुरत होते. म्हटलं, कोंबडीला लागू पडतं ते माणसाला का नाय? रोज सकाळी ताकातून एक चिमूट सुरू केली. सुनेला विचारलं नाही. (मी कुणालाच विचारत नसतो!)

आठव्या दिवशी बायको चहा द्यायला वाकली आणि तशीच मागं सरकली.

"अहो, लसूण खाल्ला का?"

"मी? चातुर्मासात?"

"मग हा वास काय मोगऱ्याचा हाय?"

दात घासले, वेलदोडे चघळले, तुळस खाल्ली. वास हटेना! संध्याकाळी देवळात भजनाला बसलो, तर शेजारचा नामदेव ओरडला, "मंडळी, नाना चटणी हाणून आलाय!" याच नामदेवाला मी आठवड्यापूर्वी लसणावरून चारचौघांत झापलं होतं.

"पांडुरंगाची शपथ घेतो!" मी म्हणालो. शपथेला तोंड उघडलं आणि पहिली रांग उठून तिसऱ्या रांगेत गेली.

घरी आलो. सुनंदानं एकदाच वास घेतला आणि डबा उघडून पाहिला.

"नाना, पावडर खाल्ली?"

"चव बघितली."

"किती दिवस?"

"आठ."

पोरीनं स्कूटी काढली. मला मागं बसवलं आणि थेट दवाखाना गाठला. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "यांना आणलंत ते बरं केलंत. सेलेनियम अंगात जास्त झालं की श्वासाला असाच लसणाचा वास येतो. असंच चालू राहिलं असतं तर केस आणि नखं गळाली असती, पुढचं बोलत नाही." तिथं बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा मनातल्या मनात सुनेचे पाय धरले.

पुढच्या भजनाला तीच सगळ्यांसमोर उभी राहिली. "नानांनी लसूण खाल्ला नव्हता. तो डॉक्टरांच्या औषधाचा वास होता." कोणते डॉक्टर, ते तिनं सांगितलं नाही. माझी लाज वाचली! डोळे भरून आले.

तेवढ्यात नामदेव जवळ सरकला. "नाना, गुडघ्याचं औषध का रं? मलाबी दे की थोडं!"

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर हा बाबा कुठून तरी मिळवून खाणार. सुनेनं माझा जीव वाचवला, आणि मी याचा घालवू?

"नामद्या, ते कोंबड्यांचं हाय!" मी ओरडलो. टाळ थांबले. मग देऊळ हसलं ते आरतीपर्यंत हसलं.

यंदा चातुर्मासात गल्लीतल्या घराघरातून लसणाच्या फोडणीचा खमंग वास येतो. मी दारात जाऊन उभा राहतो. आतून आवाज येतो, "या नाना! लसूण नाय, कोंबड्यांची पावडर घेतली!"