हिऱ्याला दिसलेला गणपती

खंडेनवमीला हत्यारं पुजायची ही आमच्या घरची पद्धत, आणि दिल्लीत वाढूनही ती माझ्या अंगातून गेली नाही. माझं हत्यार म्हणजे लेझर. म्हणून त्या सकाळी मी प्रयोगशाळेतल्या लेझरच्या पोलादी टेबलाला हळदकुंकू वाहिलं आणि आईने दिलेला अंगठ्याएवढा गणपती त्यावर ठेवला. माझ्या हिऱ्यापासून वीतभर अंतरावर.

हा हिरा तिळाएवढा, आणि मुद्दाम सदोष. त्यातल्या एका जागी कार्बनचा अणू गायब असतो आणि शेजारी नायट्रोजनचा एक परका अणू घुसलेला असतो. तिथल्या इलेक्ट्रॉनला सूक्ष्मलहरींची टिचकी मारली की त्याचं स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व, क्षणभर ताल धरतं, मग विसरतं. तो ताल किती टिकतो हे मोजण्यात माझी चार वर्षं गेली होती. सोमवारी समितीपुढे धड आलेख ठेवला नाही तर मुदतवाढ नाही, म्हणजे पीएचडी अर्धवट. माझ्या मार्गदर्शक सरांनी हे मला गोड न बोलता सांगितलं होतं.

आणि पूजेच्या दुपारपासून ताल निम्म्यावर आला! मोजणीतली रेषाही जागची सरकली. याचा अर्थ एकच, जवळपास कुठेतरी चुंबक आहे. मी चवताळले. मेट्रोला शिव्या घातल्या, लिफ्टवर संशय घेतला, लोखंडी स्टूल बाहेर काढलं. सरांच्या मोबाइलच्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं, म्हणून मोबाइलच दाराबाहेर ठेवायला लावला.

"अरे यार, घर से फोन आएगा," सर म्हणाले.

"बाहर ही रहेगा, सर."

रविवार उजाडला तरी चुंबक सापडेना. दुपारी मयूर विहारच्या घरून आईचा फोन आला, तेव्हा मी रडकुंडीला आले होते.

"गणपती आहे ना जवळ? मग कशाला घाबरतेस?"

"आहे गं. धक्का लागून पडला नाही म्हणजे मिळवली."

"बिल्कुल नाही पडायचा! बाबांच्या गाडीत दहा वर्षं खड्डे खाल्ले त्याने. गाडी भंगारात गेली, पण हा डॅशबोर्डवरून सुटता सुटेना. केवढं चुंबक आहे त्याच्या खाली!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गणपतीला हात जोडून माफी मागितली आणि ओढला. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे सुटला. त्याला पार दाराजवळच्या कपाटावर नेऊन बसवलं आणि पुन्हा मोजणी लावली. रेषा जागेवर आली. ताल पूर्वीसारखा लांबच लांब टिकला. मी एकटीच टाळ्या वाजवत होते, इतका आनंद मला शाळा सुटल्यावरसुद्धा झाला नसेल.

आईला लगेच फोन करून सगळं सांगितलं. चार वर्षं मी काय करते हे तिला काही केल्या समजावता आलं नव्हतं. ती म्हणाली, "अच्छा! म्हणजे तुझ्या हिऱ्याला आपला गणपती दिसला!"

सोमवारी आलेख पाहून झाल्यावर समितीतल्या एका बाईंनी विचारलं, या दोषाचा उपयोग काय? पाठ केलेलं उत्तर मी बाजूला ठेवलं, मला न सापडलेलं गणपतीखालचं चुंबक या दोषाला कसं लगेच कळलं ते सांगितलं आणि आईचं वाक्य हिंदीत ऐकवलं. सगळे हसले, सर सगळ्यांत मोठ्याने. मुदतवाढ मिळाली.