अंडे : सोनागीर ते दतिया

हे गेले तेव्हा श्रावण होता आणि पाखरं पिसं टाकत होती. भेटायला येणाऱ्यांच्या ओल्या चपलांना हिरवी-पिवळी पिसं चिकटायची आणि माणसं दुःखाच्या घरातून अशी सजून बाहेर पडायची. यांनी ते पाहिलं असतं तर दाराआड जाऊन हसले असते.

आता दसरा जवळ आला आहे. पाखरांची पिसं पुन्हा भरली आहेत. पिवळ्या मादीच्या चोचीवरची कातडी गुळासारखी तपकिरी झाली, म्हणजे तिची अंडी घालायची वेळ आली. एवढं मला कळतं. बाकी पाखरांमधलं मला काही कळत नाही, म्हणून आठही पाखरं समोरच्या भैयांना द्यायचं मी कबूल केलं आहे. भैया म्हणजे यांचे जुने फायरमन. हे इंजिन चालवायचे, भैया कोळसा टाकायचे. निवृत्तीनंतर दोघांनी झाँशीतच समोरासमोर घरं घेतली. पिंजरे घेऊन ते रविवारी येणार आहेत. आज बुधवार.

बाजारात या पाखरांना लव्हबर्ड म्हणतात. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पुस्तकात शोधून यांना सांगितलं होतं की ही लव्हबर्ड नव्हेतच, यांचं नाव बजरीगार. हे म्हणाले, "हळू बोल. त्यांना कळलं तर प्रेम करायचं सोडतील."

विणीच्या आधी यांची तयारी महिनाभर चालायची. घरट्यांची मडकी कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवायची. नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. माद्यांच्या पिंजऱ्याला हे लेडीज वेटिंग रूम म्हणत.

"जोड्या जुळलेल्या आहेत ना? मग ताटातूट कशाला?" मी एकदा विचारलं.

"भेटीची किंमत कळावी म्हणून. मी तीन दिवस लाइनवर असतो, म्हणून तर तू पुस्तकातून मान वर करतेस."

या वर्षी ताटातूट मीच केली. दुसऱ्याच्या घरी जायचं तर नीट तयार होऊन जावं, असं मनाशी म्हणत मी यांची वही उघडली आणि तीत लिहिल्याप्रमाणे करत गेले. सकाळी भिजवलेली बाजरी. कोथिंबीर. तारेला अडकवलेला समुद्रफेस. सगळं जमलं. मग शेवटची ओळ आली : "मडकी टांगण्याआधी आठ दिवस, अंडे. सोनागीर ते दतिया."

आमच्या घरी अंडं येत नसे. सासूबाई भुसावळहून मुलाबरोबर झाँशीला आल्या त्या आपलं सोवळं ट्रंकेत घालूनच. पण माझ्या लग्नाआधीच्या वर्षी यांची एक मादी अंडं अडकून मेली होती. कोणीतरी सांगितलं, विणीआधी माद्यांना उकडलेलं अंडं आणि टरफलाची पूड द्या, हाडं बळकट होतात. तेव्हापासून यांच्या डब्यात एक चोरटं अंडं जाऊ लागलं. ग्वाल्हेरहून परतताना सोनागीर स्टेशन सुटलं की पाण्याच्या मगात घालून ते भट्टीच्या दारावरच्या फळीवर ठेवायचं आणि दतिया आलं की उतरवायचं. टरफल इंजिनाच्या हातोडीने कुटून दुसऱ्या डब्यात भरायचं. घरी येईपर्यंत पुरावा नाहीसा.

माझ्या लग्नानंतर एका वर्षी यांनी तो डबा व्हरांड्यात ठेवला आणि तिथेच चुकलं. आपल्याकडची ती शुभ्र रांगोळी इथे मिळत नसे. इथल्या बायका पिठाने रांगोळीचे चौक काढतात. सासूबाईंची रांगोळी देशावरून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर यायची आणि वर्षभर चिमटीचिमटीने वापरली जायची. त्या दिवाळीत पाहुणे आले नाहीत. वसुबारसेच्या सकाळी त्यांना व्हरांड्यात एक डबा सापडला. आत पांढरी, बारीक पूड.

हे ड्यूटीवरून आले तेव्हा तुळशीपुढे गाय आणि वासरू पूर्ण झालं होतं. वर हळदीकुंकूही पडलं होतं.

"बघ रे, कशी झरझर सुटते हातातून," सासूबाई म्हणाल्या. "कुणी पाठवली?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तकात पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पण मादी मडक्यात शिरलेली, डबा रिकामा आणि पुढचं अंडं मिळायला तीन दिवस. यांनी सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी पुन्हा अंघोळ केली. संध्याकाळी त्यांनी नव्या केरसुणीने ती गाय आणि ते वासरू हलकेच गोळा केलं आणि कागदात बांधून यांच्यापुढे ठेवलं.

"तुळस कोमेजली नाही, तर पाखरालाही काही होणार नाही. घाल तिला. पण एक ऐकून ठेव, अंडं माझ्या चुलीवर चढायचं नाही."

यांनी ती पूड मलमलमधून तीनदा गाळली, तरी गुलाबीच राहिली. त्या वर्षीची बाळंतीण चोचीला कुंकू लावून मडक्यात बसली. तिला चार पिल्लं झाली. सासूबाई रोज सकाळी, कुणी पाहत नाही असं समजून, ती मोजायच्या.

हे लिहिता लिहिता गुरुवार झाला. अंडं किती वेळ उकडायचं ते अजून कळलेलं नाही. मी फाटकातून भैयांना विचारलं, "भैया, सोनागीर से दतिया कितना टाइम लगता था?"

"टेम को देखत तो, भाभीजी!" भैया बुंदेलीत म्हणाले, म्हणजे वेळ कोण बघत होतं. "सिगनल मिल गओ तो मिल गओ, नईं मिलो तो राम जानें।" मग वर, "आप काय परेसान होतीं? इतवार को हम ले जई रए।"

मला त्यांचा थोडा राग आला. कशाचा, ते सांगता येणार नाही.

वाफेची इंजिनं गेली तेव्हा सासूबाईही गेलेल्या होत्या. तरी यांनी अंडं स्वयंपाकघरात आणलं नाही. मागच्या अंगणात रॉकेलचा स्टोव्ह मांडायचे, स्टुलावर बसायचे, "सोनागीर सुटलं" म्हणायचे आणि चढावावर इंजिन दमतं तसे तोंडाने फुसफुसायचे. हातात रेल्वेचं घड्याळ असायचं, पण ते त्याकडे पाहायचे नाहीत. मी दारात पुस्तक घेऊन बसायची. "दतिया!" अशी हाळी आली की पानाचा कोपरा दुमडून मला उठावं लागे, कारण चाळणी मी धरायची असे.

पानाचा कोपरा दुमडून.

शुक्रवारी सकाळी कपाटातून एक जाडं पुस्तक काढलं. ते मी विणीआधीच्या त्या दिवसांतच, दारात बसून, दोन-तीन वर्षं वाचत होते. कोपरे तसेच होते. पहिल्या घडीपासून दुसरीपर्यंत नऊ पानं. मग पुन्हा नऊ. दहा. आठ. नऊ. एका ठिकाणी एकदम अठरा. त्या दिवशी यांना सिग्नल मिळाला नसावा.

दुपारी सदर बाजारात जाऊन आयुष्यात पहिल्यांदा अंडं विकत घेतलं. दुकानदाराने विचारलं, "कितने, माताजी?" मी म्हटलं, एक. "एक दर्जन?" एक. रुमालात गुंडाळून, पिशवीत दोन पुस्तकांच्या मधे ठेवून मी ते घरी आणलं. रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून तीनदा सांगितलं, तर तो म्हणाला, "तबियत ठीक नहीं है क्या?"

स्टोव्ह अंगणातच मांडला. सासूबाईंचा शब्द मोडायला मला अजून धीर नाही. यांच्या स्टुलावर बसले. सोनागीर सुटलं, असं मोठ्याने म्हणवलं नाही, मनात म्हटलं. मग वाचायला लागले. पाचव्या पानावर डोळे भरून आले, ते एक पान दोनदा वाचावं लागलं. नवव्या पानाला कोपरा दुमडला आणि उठले.

आतला बलक कोरडा आणि पिवळाधमक, हाताने चुरता येईल असा. टरफल पाट्यावर नव्हे, अंगणातल्या दगडावर कुटलं आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ही रांगोळी नाही. पिवळी मादी आधी तिरकी मान करून माझ्याकडे पाहत राहिली, चुकीचा माणूस आला असावा तशी. मग खाली उतरली आणि खाऊ लागली.

शनिवारी पुन्हा एक अंडं आणलं आणि नऊ पानं वाचली.

आज रविवार. भैया आत्ताच दोन पिंजरे घेऊन आले. मी म्हटलं, "भैया, पिंजरे राहू द्या. तुमच्या घरी शिडी आहे ना? माळ्यावरून मडकी काढायची आहेत."

त्यांनी पिंजरे खाली ठेवले. मराठी त्यांना चाळीस वर्षांत यांच्यामुळे चांगली समजते.

"सबरी मटकियाँ?" त्यांनी विचारलं.

"चारही."

ते शिडी आणायला गेले आहेत. तेवढ्यात मी वहीतल्या शेवटच्या ओळीखाली लिहून ठेवते आहे : किंवा नऊ पाने.